तुकडा पडत नाही

शहागडमध्ये कुणी प्लॉट घेतला म्हटलं की ऐकणारा लगेच विचारतो, "सातबाऱ्यावर की बाँडवर?" सातबाऱ्यावर म्हणणारे थोडे. बाकीच्यांकडे स्टँप पेपर असतो, त्यावर नोटरीचा गोल शिक्का, दोन साक्षीदार आणि चतुःसीमा: पूर्वेस अमुकचा प्लॉट, पश्चिमेस रस्ता. शंभर रुपयांचा तो कागद आता पाचशेचा झाला, पण त्याची ताकद तेवढीच राहिली. ग्रामपंचायतीत नमुना आठला नाव लागतं, घरपट्टी भरता येते, विजेचं मीटर मिळतं. जमीन मात्र सरकारी दप्तरात ज्याची होती त्याचीच राहते.

आमचं गाव अंबड तालुक्याच्या टोकाला, गोदावरीच्या काठावर. पूल ओलांडला की बीड जिल्हा लागतो. सोलापूर-धुळे महामार्ग इथून जातो, आणि तो चौपदरी झाल्यापासून रस्त्याकडेच्या काळ्या रानाला कापसापेक्षा चुन्याचे दिवस आले आहेत. फक्कीने आखलेल्या रेघा, कोपऱ्यात दगड, मधून पंधरा फुटांचा रस्ता. घेणारे कोण? हातगाडीवाले, वेल्डिंगवाले, ट्रकचे ड्रायव्हर, ऊसतोडीचे पैसे गाठीला बांधून आलेले, जुन्या गावठाणात एका वाड्यात चार चुली झालेले. ज्यांना बँक कर्ज देत नाही, असेच बहुतेक. ते एनए लेआउटमधला प्लॉट घेऊ शकत नाहीत म्हणून बाँडवाला घेतात, आणि बाँडवाला घेतला म्हणून पुढेही बँक कर्ज देत नाही.

याच्या मुळाशी तुकडेबंदीचा कायदा आहे. तो मुंबई प्रांताचा, १९४७ सालचा. त्यामागची काळजी खोटी नव्हती. १९१७ च्या सुमारास डॉ. हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या खेड्याची पाहणी केली, तेव्हा तिथल्या १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली निघाली, आणि त्यातले ४६३ तुकडे एका एकराहूनही लहान होते. इतक्या चिंध्यांवर नांगर फिरणार कसा? म्हणून कायद्याने 'प्रमाणभूत क्षेत्र' ठरवलं. त्याहून लहान तुकडा पाडायचा नाही. आधीच पडलेला असेल तर तो लगतच्या खातेदारालाच विकायचा. (पिंपळे सौदागरचं पुढे काय झालं ते पुण्यात नोकरीला गेलेल्या पोरांना विचारा. तिथे आता बारा-पंधरा मजल्यांच्या इमारती आहेत आणि एकेका गुंठ्यावर किती कुटुंबं राहतात ते मोजायला डॉ. मान नाहीत.)

हे प्रमाणभूत क्षेत्र पूर्वी जिल्ह्यागणिक आणि जमिनीच्या प्रकारागणिक वेगवेगळं होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने बहुतेक सगळ्या जिल्ह्यांसाठी ते एकसारखं केलं. जिरायत २० गुंठे, बागायत १० गुंठे. आमच्या घरात हे दोन आकडे फार ओळखीचे आहेत. त्यासाठी थोडा हिशोब सांगावा लागेल.

आमच्या दादांचं इंतकाल झालं तेव्हा मागे दोन एकर कोरडवाहू जमीन होती. म्हणजे ८० गुंठे. वारस सहा: दादी, दोन मुलगे, तीन मुली. फराइजचं गणित मदरशातल्या पोरालाही येतं. बायकोचा आठवा हिस्सा, म्हणजे १० गुंठे. उरले ७०. मुलाला दोन वाटे, मुलीला एक. दोन मुलांचे चार, तीन मुलींचे तीन, एकूण सात. सत्तर भागिले सात. प्रत्येक फूफीला १० गुंठे, अब्बांना २० आणि बडे अब्बांना २०. इतका स्वच्छ भागाकार क्वचित जमतो.

आता कायद्याच्या चष्म्यातून पाहा. मुलाचा वाटा २० गुंठे, म्हणजे आजच्या जिरायत प्रमाणात अगदी काठोकाठ बसतो. मुलीचा १०, तो बसत नाही. विहिरीला पाणी लागून रान बागायत झालं असतं तर तोही बसला असता. फूफीचा हक्क पाण्याच्या झऱ्यावर अवलंबून राहावा, याची मला गंमत वाटते आणि चीडही येते.

दादांच्या वेळी प्रमाण याहून मोठं होतं. तेव्हा बडे अब्बा जे बोलले ते मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं की पाठ झालं. "देना तो है, मगर खेत का टुकडा नै पडता, कानून में नै है." बहिणींनी मान डोलावली. ईदला साडी, आंब्याच्या दिवसांत पाटी, बाळंतपणाला माहेर. फूफ्यांचा वाटा असा दरवर्षी थोडा थोडा 'फिटत' राहिला. हे फक्त आमच्याच घरात झालं असं कुणी समजू नये. मराठवाड्यातल्या दहा मुस्लिम शेतकरी घरांत विचारा, बहिणीचं नाव कुठे हक्कसोडपत्रात सापडेल, कुठे फक्त दुआत. हिंदू शेजाऱ्यांकडेही चित्र वेगळं नाही. फरक इतकाच की आपण वर 'आमच्या शरियतने चौदाशे वर्षांपूर्वीच बाईला वारसा दिला' असं जलशात सांगतो.

'कानून में नै है' हे वाक्य किती खरं होतं? मी तो कायदा पुढे स्वतः वाचला. तुकडेबंदी वारसा रोखत नाही. खातेदार वारला की सगळ्या वारसांची नावं फेरफाराने सातबाऱ्यावर लागतात, आणि वाटा एक गुंठ्याचा असला तरी लागतात. कायदा अडवतो ते सरस-निरस वाटणी करून जमिनीवर बांध घालणं, तेही त्याने तुकडा होत असेल तर. आणि तसं असेल तिथे काय करायचं तेही त्यात लिहिलं आहे. कलम ८ अअ सांगतं की वारशाने किंवा हुकूमनाम्याने वाटणी करताना ज्याच्या वाट्याला तुकडाच येणार असेल त्याला जमिनीऐवजी पैशात भरपाई द्यावी. म्हणजे कायदा म्हणत होता, बांध घालता येत नसेल तर बहिणीला मोल मोजून द्या. आमच्याकडे अर्धं वाक्य ऐकलं गेलं.

आपल्या लोकांना इथे आणखी एक पळवाट ठाऊक असते. १९३७ च्या शरियत कायद्यात शेतजमीन वगळली आहे, असं कुणीतरी वकील सांगतो. ते खरं आहे. उत्तर प्रदेशात त्या फटीतून जमीनविषयक कायद्यांनी मुलींना वर्षानुवर्षं शेताबाहेर ठेवलं. पण आपल्याकडे तलाठी वारस नोंद करताना मुलींची नावं लावतो, आमच्याकडेही लावली. दादांच्या सातबाऱ्यावर तिन्ही फूफ्यांची नावं आहेत. कागदाच्या एका कोपऱ्यात ती इतकी वर्षं गप्प बसून होती. आणि दीनाचंच म्हणायचं तर सूरह निसाच्या सातव्या आयतीत हा वाटा मालमत्ता थोडी असो की फार, ठरलेलाच असल्याचं आलं आहे. किमान क्षेत्राची अट अल्लाहने घातलेली नाही.

मग रस्ता रुंद होणार अशी चर्चा सुरू झाली. ज्या रानाचा तुकडा पडत नव्हता, त्याच रानाचे बडे अब्बांनी अठरा पाडले. आपल्या हिश्शाचे म्हणून वीस गुंठे, २० बाय ४० चे प्लॉट, दोन रांगा, मधून रस्ता. उरलेल्या पट्टीत पुढे मस्जिद होईल असं घेणाऱ्यांना सांगितलं होतं. तिथे सध्या बाभळी आहेत. सोळा प्लॉट बाँडवर गेले. त्या पैशांतून चुलत बहिणींची लग्नं झाली, एक ट्रॅक्टर आला, हजही झाली. मी बडे अब्बांना खलनायक करणार नाही. ते माणूस म्हणून दिलदार होते आणि मोहल्ल्यात त्यांनी अडल्या-नडल्याला हप्त्याने प्लॉट दिले. पण कायदा बहिणीसाठी भिंत होता आणि गिऱ्हाइकासाठी फाटक, हे सांगायलाच हवं.

सगळ्या महाराष्ट्रात असंच झालं. तुकडेबंदीने तुकडे थांबले नाहीत, फक्त त्यांचा कागद थांबला. शहरांत अशा वस्त्यांना 'गुंठेवारी' हे नाव पडलं आणि २००१ मध्ये त्या नियमित करायला वेगळा कायदा करावा लागला. त्याची मुदत १ जानेवारी २००१ होती, ती २०२१ मध्ये वाढवून ३१ डिसेंबर २०२० करावी लागली. वीस वर्षांत काय थांबलं, ते या दोन तारखांत कळतं. पण तो शहरांच्या नियोजन प्राधिकरणांच्या हातातला कायदा, ग्रामपंचायतीच्या गावातल्या बाँडवाल्याने त्याकडे नुसतं बघावं. खेड्यांत लोकांनी आपली युक्ती काढली. दहा-अकरा जणांनी मिळून दहा-अकरा गुंठ्यांची एकच सामाईक रजिस्ट्री करायची. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं, जमिनीवर ज्याने त्याने आपला चौकोन धरायचा. एकाला विकायचं झालं किंवा एक वारला, की बाकीचे दहा त्याच्या दारात.

१२ जुलै २०२१ ला नोंदणी महानिरीक्षकांनी परिपत्रक काढून अशा गुंठ्यांच्या दस्तांची नोंदणी मंजूर रेखांकनाशिवाय करू नका असं सांगितलं. औरंगाबाद खंडपीठाने ५ मे २०२२ ला ते परिपत्रक आणि त्यामागचा नोंदणी नियम रद्द केला. त्या महिन्यात अंबडच्या रजिस्ट्री ऑफिसबाहेरच्या चहाच्या टपरीवर मी लोकांना निकालाची झेरॉक्स हातोहात फिरवताना पाहिलं आहे. आनंद फार टिकला नाही. सरकार निकालाविरुद्ध पुढे गेलं. आणि दस्त नोंदला गेला म्हणजे फेरफार मंजूर झाला असं नव्हे. सातबाऱ्याच्या इतर हक्कात 'तुकडेबंदी कायद्याविरुद्ध व्यवहार' असा शेरा बसला की तो प्लॉट पुढे कुणी घेत नाही.

यातला सगळ्यात मोठा विनोद घरकुलाचा. ज्याला जागा नाही त्याला जागा घ्यायला राज्य सरकार पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून पन्नास हजार रुपये देत होतं, पाचशे चौरस फुटांसाठी. पाचशे चौरस फूट म्हणजे अर्धा गुंठाही नाही. एका खात्याने पैसे द्यायचे, दुसऱ्या खात्याने रजिस्ट्री अडवायची. मार्च २०२४ मध्ये नियम बदलले, आणि विहीर, शेतरस्ता व ग्रामीण घरकुल यांच्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने छोटा तुकडा घेता येऊ लागला. तो अर्ज तलाठ्यापासून वरपर्यंत जायला किती चपला झिजतात, ते ज्याने केलं त्यालाच माहीत.

किमान प्लॉटची अट जगात सगळीकडे आहे आणि तिचं ओझं सगळीकडे गरिबावरच पडतं. अमेरिकेतल्या गावांत ठरल्याहून लहान प्लॉट पाडायचा तर पालिकेच्या मंडळापुढे अर्ज, शेजाऱ्यांना नोटीस आणि मग सुनावणी असते. शेजारी येऊन सांगतात की लहान प्लॉट आले तर आमच्या वस्तीची कळा जाईल. 'कळा' म्हणजे काय, ते आपल्याला भाड्याने घर शोधताना बरोबर कळतं. ह्यूस्टन शहराने १९९८ मध्ये एक वेगळी गोष्ट केली. शहराच्या मधल्या भागात किमान प्लॉट ५००० चौरस फुटांवरून थेट १४०० वर आणला. प्रत्येकाने सवलत मागत फिरायची गरजच ठेवली नाही. १४०० चौरस फूट म्हणजे आपला सव्वा गुंठा. पुढे तिथे एका घराच्या जागी तीन-तीन, चार-चार घरं उभी राहिली, आणि प्रत्येकाचा कागद स्वतंत्र.

मला हे उदाहरण अर्धंच पटतं. शेताला किमान क्षेत्र असावं, यात मला वावगं वाटत नाही. लेआउट मंजूर करून घेण्यालाही अर्थ आहे. रस्ता किती रुंद, सांडपाणी कुठे जाणार, मोकळी जागा कुठे, पूररेषा कुठवर, हे तिथे तपासलं जातं. नोटरी पूररेषा बघत नाही, आणि आमचं गाव नदीकाठी आहे. जायकवाडीतून पाणी सोडलं की शहागडला रात्री झोप कुणाला लागते? पण घरासाठी लागणाऱ्या ३३ बाय ३३ फुटांच्या गुंठ्याला कापसाच्या रानाचं माप लावणं, ही अक्कल माझ्या गळी उतरत नाही.

सरकारच्याही गळी ते उशिरा उतरलं. २०१७ च्या दुरुस्तीत बाजारमूल्याच्या २५ टक्के भरून जुने व्यवहार नियमित करायची सोय झाली. भरणारे फार थोडे पुढे आले. २०२४ मध्ये ती रक्कम ५ टक्क्यांवर आली. जुलै २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी निवासी भागात एक गुंठ्यापर्यंत तुकडेबंदी उठवण्याची घोषणा विधानसभेत केली आणि नोव्हेंबरमध्ये अध्यादेश निघाला. १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळात बिगरशेती वापराच्या क्षेत्रात झालेले असे व्यवहार शुल्क न घेता नियमित होतील. साठ वर्षांचा हिशोब एका कागदावर.

गावात मिठाई वाटायचीच बाकी होती. मग लोकांनी अटी वाचल्या. जमीन निवासी वापरात मोडते का, हा पहिला प्रश्न. पण आमच्या अठरा प्लॉटांवर गाडी अडली ती दुसऱ्याच ठिकाणी. बाँड म्हणजे नोंदणी झालेला दस्त नव्हे. ज्यांचा व्यवहार नोटरीवर झाला त्यांना आधी मुद्रांक शुल्क भरून रीतसर दस्त करावा लागतो. दस्त कोण करून देणार? सातबाऱ्यावर ज्यांची नावं आहेत ते. सगळे.

बडे अब्बा आता नाहीत. त्यांचे वारस पाच: बडी अम्मी आणि चार मुलं. जमिनीची सरकारी वाटणी कधी झालीच नाही, त्यामुळे 'माझे वीस गुंठे' हे फक्त त्यांच्या तोंडी होतं. कागदावर ८० गुंठे अजून सामाईक आहेत. म्हणून अब्बांची सही लागणार. दोन फूफ्यांची लागणार. तिसऱ्या फूफीचं निधन झालं, तिचा नवरा आणि चार मुलं, त्यांच्या पाच. एकूण तेरा सह्या. सातबाऱ्यावर गप्प बसलेली ती नावं अशी एकदम बोलायला लागली.

गेल्या सहा महिन्यांत फूफीच्या घरी, नदीपलीकडे गेवराईत, जेवढे पाहुणे आले तेवढे तिच्या तीस वर्षांच्या संसारात आले नव्हते. प्लॉटवाले येतात. मिठाईचा पुडा ठेवतात आणि 'बाजी, एक दस्तखत का सवाल है' म्हणतात. त्यात एक पंक्चरवाला आहे. त्याने पंधरा वर्षांपूर्वी पैसे भरले, दोन खोल्या बांधल्या, मुलीचं लग्न त्याच दारात केलं. त्याचा काय गुन्हा? चुलत भाऊ सांगतो, गरिबांची घरं वाचतील, सवाब मिळेल. मौलानांनीही तेच सुचवलं. फूफीने सगळ्यांना चहा पाजला. मौलानांना एकच विचारलं, "मेरे भाई को भी किसी ने सवाब बोला था क्या, उस वख्त?"

तिला लिहिता-वाचता बेताचंच येतं. कागद घेऊन मीच बसलो. दादांकडून १० गुंठे, आणि दादी वारल्यावर तिच्या दहांतले सातवा वाटा, म्हणजे जवळपास दीड गुंठा. साडेअकराला थोडं कमी. आजच्या रस्त्याकडेच्या भावाने त्याची किंमत काढून मी तिच्यासमोर ठेवली. आकडा ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, इतकं मागितलं तर माहेर राहत नाही, आणि काहीच नाही मागितलं तर माहेर होतं असं तरी कशावरून म्हणायचं.

तिचं म्हणणं आता ठरलं आहे. सही ती देणार, सोळाच्या सोळा घरांना देणार, त्यासाठी कुणाकडून एक पैसा घेणार नाही. मात्र त्याच दिवशी, त्याच ऑफिसात, न विकलेल्या दोन प्लॉटांचा दस्त तिच्या आणि तिच्या बहिणीच्या नावाने व्हायला हवा, एकेक. आठशे चौरस फूट. उरलेल्या वाट्याचं अब्बा आणि बडे अब्बांच्या मुलांनी बसून ठरवावं, भरपाई द्यायची तर लेखी द्यावी. अब्बा तयार आहेत. त्यांनी स्वतःच्या वीस गुंठ्यांचंही माझ्या दोन बहिणींच्या नावांसकट लिहून ठेवायला सांगितलं आहे, आणि मला ते टाळता येणार नाही असं बघून सगळ्यांसमोर सांगितलं.

बडे अब्बांचा थोरला मुलगा अजून 'बघू' म्हणतोय. त्या दोन प्लॉटांना गिऱ्हाईक लागलेलं आहे. तेरापैकी नऊ जण सहीला तयार आहेत. मोजणीचा अर्ज अंबडला दिला आहे, तारीख मिळायची आहे. पंक्चरवाला दर जुम्म्याला नमाजनंतर भेटतो आणि तारखेचं विचारतो. फूफीचंही तेच चाललंय, फक्त ती फोन करते, आणि तारखेआधी आणखी एक विचारते: वीस बाय चाळीसमध्ये पुढे अंगण सोडून दोन खोल्या बसतात का.